डाव्या तळहातावरचा डाव

विमलकाकू गेल्याची बातमी मला असलमने दिली. असलमचं बीडच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या घराशी त्याचं नातं ना रक्ताचं ना जातीचं, पण काकूने आपल्या फोनमध्ये पहिला नंबर त्याचा टाकून घेतला होता. मुलाचा दुसरा आणि माझा, म्हणजे पुतण्याचा, तिसरा. मी एकदा तोंड वाकडं करून कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "फोन बिघडला तर तू येऊन काय करनार हायेस? फुंकर मारनार?" मी पतसंस्थेतला कारकून. बिघडलेल्या वस्तूवर फुंकर मारण्यापलीकडे माझं तंत्रज्ञान कधी गेलं नाही, हे खरंच आहे. तर त्या सकाळी असलमचा फोन आला. "दादा, काकू गेल्या," एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला… रिक्षा, कुणाचा तरी हॉर्न, मागे बायकांचं बोलणं. "मी इथंच हाय. तुमी या."

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मांडी घातलेली, पाठ ताठ, आणि आयुष्यभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर. रोज सकाळी त्याच तळहातावर लिंग घेऊन, डोळ्यांसमोर धरून, त्याच्याकडे एकटक बघत ज्याने शिवपूजा केली, तो शेवटीही तसाच बसतो. काकूला तसं बसवलं तेव्हा जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं, "काय पूजा होती बाईची! अशी एकाग्रता आता बघायला न्हाई मिळायची." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण माझं लक्ष होतं तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे. तो किंचित वाकलेला होता… बटण दाबायच्या बेतात असावा तसा. आता या वाक्याचा अर्थ सांगायचा तर गोष्ट मुळापासून सांगावी लागेल, आणि मी गोष्ट मुळापासून सांगायला बसलो की आमच्या घरात बायको आधी गॅस बंद करून येते.

ते दिवस बाजार मोकळा होण्याचे होते. बाजार मोकळा झाला म्हणजे नेमकं काय झालं हे दिल्लीत कुणाला कसं कळलं असेल ते असो, आम्हाला बीडमध्ये ते रशीदचाचांच्या घड्याळाच्या दुकानात कळलं. रशीदचाचा म्हणजे असलमचे वडील. त्यांच्या काचेच्या पेटीत आजवर घड्याळं, पट्टे आणि एक कायम बंद असलेला गजराचा कोंबडा एवढंच असायचं. अचानक त्यात बाहेरच्या देशांतून आलेला माल दिसू लागला. गाणारी किल्ली, पाण्यात चालणारं पेन, आणि एक दिवस हातात मावणारा करड्या रंगाचा खेळ. वर छोटा पडदा, खाली बटणं. पडद्यावर वरून विटा पडायच्या, त्या फिरवून, सरकवून खाली गच्च बसवायच्या. ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. खोक्यावर लिहिलं होतं की आत शेकड्यांनी खेळ आहेत. होते पाच-सहाच, बाकीचे त्यांचेच चुलतभाऊ. मी बारावीला होतो आणि अभ्यासाला पोषक ठरेल अशी थाप मारून मी तो वडिलांकडून मिळवला. पहिल्याच आठवड्यात मी त्याचं थांबायचं बटण इतक्या जोराने दाबलं की ते आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं नाही. म्हणजे डाव सुरू केला की संपवायचा किंवा मरायचं, मधला मार्ग बंद. रशीदचाचांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ये तो गया. पर चलता हाय ना? फिर चलने दो."

मी त्या खेळात फार वाईट होतो. माझ्या विटा अशा बसायच्या की वाटावं भूकंप होऊन गेलाय. काकू समोर बसून डाळ निवडायची आणि सुपाआडून बघायची. आमचं भांड्यांचं दुकान, मागे घर. लग्नसराईत गिऱ्हाइकाची सगळी भांडी एका पोत्यात बसवून द्यायचं काम काकूचं होतं. पातेल्यात पातेलं, त्यात तांबे, तांब्यात वाट्या, कडेच्या फटीत चमचे… पोतं हलवलं तरी आवाज येत नसे. अशा बाईला माझा खेळ बघवेल कसा? "अरे, ती लांबडी उभी कर की!" ती म्हणायची. "तिथं फट हाय, दिसत न्हाई का? आरं सुभ्या, डोळे हायेत का गोट्या?" एकदा वैतागून मी खेळ तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसले, जरा वेळ बटणं नुसती चाचपली, आणि खेळायला लागली. एकेक ओळ भरतेय, नाहीशी होतेय… मी आ वासून बघत होतो. तेवढ्यात माडीवरून आप्पांची हाक आली. "विमल! चहा!"

आप्पा म्हणजे माझे आजोबा, काकूचे सासरे. काकू "आले" म्हणत उठली, खेळ माझ्या हातात आला, आणि तिने रचलेली ती देखणी भिंत मी डोळ्यांदेखत बिघडवून टाकली.

इथे आमच्या घरातल्या हाकांविषयी सांगायला हवं. माणसं भरपूर, दुकानातली येणारी-जाणारी वेगळी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. आप्पांना चहा हवा, विमल. काकांना दुकानात सुतळी हवी, विमल. माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या जावेला, मीठ सापडत नाही, विमल. तिचा मुलगा विजय तर नुसती "आई" अशी हाक मारून ठेवायचा, काम नंतर आठवायचा. यात कुणी दुष्ट नव्हतं. काकू धाकटी सून होती आणि तिच्या हाताला सगळं सापडायचं, एवढाच तिचा गुन्हा. पण खेळाला थांबायचं बटण नाही आणि घराला हाकेशिवाय दम नाही, अशा कात्रीत तिचा एकही डाव शेवटाला जात नव्हता. ती सकाळी, दुपारी, चुलीपाशी, माळवदावर, जिथे जमेल तिथे प्रयत्न करून बघायची. प्रत्येक वेळी ऐन रंगात हाक. मला वाटलं, कंटाळून नाद सोडेल. पुढे मी कॉलेजला औरंगाबादला गेलो, खेळ घरीच ठेवून गेलो, आणि विसरून गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत आलो तर घरात एक नवीनच गोष्ट ऐकायला मिळाली. काकू भलतीच भाविक झाली होती. पूर्वी तिची पूजा इतरांसारखीच, लिंगाला विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं, डोळे भरून बघितलं, की झाली कामाला मोकळी. आता ती अर्धा-अर्धा तास बसायची. देवघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड, डोक्यावर पदर, डावा हात छातीसमोर धरलेला, आणि उजवा हात हळूहळू हलतोय. आमच्यात एक रिवाज पक्का आहे. लिंग तळहातावर असेपर्यंत माणसाला हाक मारायची नाही. अगदी आप्पा असले तरी. आप्पा तर चहा स्वतः मागायला स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले होते, आणि वाटेत देवघरासमोर पाय न वाजवता चालायचे. "आवाज करू नगंस," मला ते कुजबुजले. "विमलची पूजा चालू हाय. काय तंद्री लागते पोरीची! आपल्या सात पिढ्यांत कुनाची लागली न्हाई."

मी आदराने उभा राहिलो. आणि तेव्हाच तो आवाज ऐकला. अगदी बारीक, गोधडीखालून यावा तसा. कुईं… कुईं… टुर्र! ज्याने तो खेळ महिनोन्‌महिने हरत घालवला आहे त्याला ते टुर्र झोपेतही ओळखता येतं. ओळ भरली होती.

दुपारी मी तिला माळवदावर गाठलं. ती पापड वाळत घालत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ऐकलंस ना? चिकटपट्टी लावलीय मागनं, तरी मेलं कुईं करतंय." मी विचारलं, "काकू, अगं पण… पूजा?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिच्यावर चोरीचा आळ घेतला. "पूजा आधी. सगळी करते, एक पान कमी न्हाई. लिंग गळ्यातल्या डबीत ठेवते, नमस्कार करते, मग हे काढते. देवाचं देवाला दिलं, मग माझं. अर्ध्या तासात कुनाचं काय अडतंय रे?" आणि जरा थांबून, "देवाला ठावं हाय सगळं. तोच राखण करतोय की, न्हाईतर आप्पा थांबले असते होय?"

मी एवढंच केलं की औरंगाबादहून येताना प्रत्येक वेळी सेल आणायला लागलो. आप्पा कौतुकाने म्हणायचे, पोरगा काकूला प्रसाद आणतो.

पण कीर्ती फार वाईट. कपिलधारच्या यात्रेत आप्पांनी धबधब्याखाली उभं राहून नांदूरघाटच्या सगळ्या पाहुण्यांना, म्हणजे काकूच्या माहेरच्यांना, तिच्या पूजेविषयी सांगितलं. तिचे वडील रडले म्हणे. परत आल्यावर आप्पांना वाटलं, हे पुण्य एकट्या धाकट्या सुनेकडे का राहावं? त्यांनी फर्मान काढलं की उद्यापासून थोरलीनेही तिच्या शेजारी बसायचं, तेवढाच वेळ. माझी आई. जिला साखरेचा डबा कमी झालेला झाकण न उघडता कळायचा, ती आता देवघरात काकूच्या मांडीला मांडी लावून बसणार! काकूचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाली, "संपलं. अर्धा तास व्हता माझा, त्योबी गेला." मी त्या वेळी सुट्टीवर होतो आणि दुसऱ्या दिवशी देवघराबाहेर वर्तमानपत्र धरून बसलो, वर्तमानपत्र उलटं होतं हे नंतर कळलं. आत दोघींची पूजा झाली. मग शांतता. काही वेळाने कुईं… आणि त्यानंतर आणखी एक आवाज, संथ, दमदार. माझी आई घोरत होती.

त्यांच्यात त्या सकाळी एक शब्दही झाला नाही, असं काकूने मला पुढे सांगितलं. आईने खेळाकडे बघितलं. काकूकडे बघितलं. मग पदर नीट डोक्यावर ओढून घेतला, पाठ भिंतीला टेकवली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच सकाळच्या वेळी झोपली. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या घरातल्या दोन्ही सुना रोज सकाळी अर्धा तास देवघरात असायच्या. एक बसून झोपायची, एक बसून खेळायची, आणि बाहेर सगळं घर चवड्यांवर चालायचं. आई जाईपर्यंत तिने हे कुणाला सांगितलं नाही. दोघींचं एरवी मिठावरनंसुद्धा भांडण व्हायचं, पण या बाबतीत दोघी एकमेकींच्या जामीन होत्या.

मला मात्र चैन पडत नसे. ती त्यात बघते तरी काय, हे मला समजून घ्यायचं होतं. त्या खेळात राजा नाही, राक्षस नाही, जिंकणंसुद्धा नाही. कितीही खेळा, शेवटी विटा वरपर्यंत येणारच आणि तुम्ही मरणारच. एकदा विचारलंच. तिने जरा विचार केला, म्हणाली, "हे बघ. भांडी घासली की परत भांडी. पोतं भरलं की दुसरं पोतं. घरातलं भरलेलं काय नाहीसं व्हतं, सांग मला? इथं वळ भरली की जाते बघ… जागा व्हते." आणि मग हसून, "आनी मेलं तरी कुनी काय म्हनत न्हाई."

पुढे त्या खेळाचा पडदा एका बाजूने काळा पडू लागला. विटा अंधारात पडायच्या आणि काकू अंदाजाने बसवायची. शेवटी तो पूर्ण गेला. रशीदचाचांनी तो उघडून बघितला आणि बंद करून माझ्या हातात ठेवला. "काकूसे बोलो, इसकी उमर हो गयी." तोवर आमच्या घराचीही झाली होती. आप्पा गेले, काका गेले, आई गेली. दुकान विकलं, घराच्या वाटण्या झाल्या. मी नोकरीपायी आष्टीला जाऊन बसलो होतो, तो बऱ्याच वर्षांनी बीडला परत आलो, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला. विजय पुण्याला. काकूच्या वाट्याला रस्त्याकडेच्या दोन खोल्या आणि समोरचा ओटा. तिथे ती एकटी राहायची. अर्धा तास तिला एकेकाळी मिळत नव्हता, आता सगळा दिवस तिचाच होता.

विजयने तिला मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. त्यावर काय करायचं हे तिला कळेना, म्हणून मी तिला असलमच्या दुकानात घेऊन गेलो. घड्याळांच्या जागी आता फोन, काचेची पेटी तीच. असलमने विचारलं, "काकू, गाने डालू का, भजनं?" काकूने जरा इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "त्यो विटांचा खेळ येतो का रे ह्यात? तुझ्या बापानं विकला व्हता त्यो?" असलमला अठ्ठावीस प्रश्न पडले असतील, पण तो गुणी. म्हणाला, येतो. इम्युलेटर म्हणून एक असतं, ते फोनमध्ये टाकलं की फोन जुन्या यंत्राचं सोंग घेतो. मी मान हलवत होतो, कळल्यासारखी. काकूने मात्र एका वाक्यात निकाल लावला. "म्हंजे बहुरूपी. काल फौजदार झालता, आज डबा झालाय." असलम म्हणाला, "बस्स, वही!"

बहुरूपी आला पण सोंग तिला पसंत पडेना. रंग फार भडक. असलमने तो काढून जुना करडा केला. मग विटा फार हळू. त्या वेगात आणल्या. मोठी अडचण वेगळीच होती, काचेवर बटणं नुसती काढलेली, अंगठ्याला लागतच नव्हती. "हे कसं खेळायचं? बघायचं विटंकडं का बटनाकडं?" दोन दिवसांनी ती पदर खोचून कासाराच्या दुकानात गेली आणि टिकल्यांचं पाकीट मागितलं. काका जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला टिकल्या कशाला, म्हणून गल्लीत थोडी कुजबुज झाली. तिने त्या मखमली टिकल्या फोनच्या काचेवर बटणांच्या जागी चिकटवल्या होत्या. अंगठ्याला बरोबर लागायच्या, आणि दाबल्या की काम करायच्या. असलमने ते बघून कपाळाला हात लावला, आणि मग दुकानातल्या दुसऱ्या एका फोनवर करून बघितलं.

त्याच वेळी असलमने तिला आणखी एक गोष्ट दाखवली. हा खेळ कुठेही थांबवता येतो. वीट अर्ध्यात लटकलेली असताना दाबलं, की सगळं जिथल्या तिथे जपून राहतं. उद्या या, आठवड्याने या, तीच वीट तिथेच लटकलेली. काकूने ते तीन-चारदा करून बघितलं. थांबव, चालू कर, थांबव. मग म्हणाली, "म्हंजे कुनी हाक मारली तरी डाव मोडत न्हाई?"

"नहीं मोडता काकू."

"उठून गेलं, चहा केला, सुतळी दिली, परत आलं तरी?"

"वैसाच मिलता."

ती फोनकडे बघत राहिली. "मग तवा कावून न्हाई काढलं रे हे कुनी?" म्हणाली. आणि नंतर, आम्हा दोघांकडेही न बघता, "आता हाक मारायला कोन हाय?"

घरी सोडताना मी म्हटलं, विजयला सांग की फोन करत जा म्हणून. तर म्हणाली, "त्यो सकाळी करत न्हाई, पूजा आसंल म्हनून. दुपारी त्याचं काम. रात्री वाटतं, आई दमली आसंल." मी म्हटलं, मग सांगून टाक ना, पूजा एवढी लांब नसते म्हणून. ती थबकली. "आनी तुझ्या आईचं काय? ती बी झोपायची म्हनून सांगू? गेलेल्या मानसाची पूजा काढून घेऊ?" मग तूच कर फोन, मी म्हटलं. "काम आसंल तर हाक मारायची. माझं काय काम हाय त्याच्याकडं?"

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. तिने अर्ध्या तासासाठी जो पदर डोक्यावर घेतला होता, तो सगळ्या गावाने खरा मानला आणि अजून मानत होता. शेजारच्या बायका तिच्या दारावरून जाताना आजही आवाज खाली आणायच्या. विमलकाकू ध्यानात असतील. नातेवाईक बीडला येऊन जायचे आणि म्हणायचे, कशाला त्रास द्या, त्यांचं वेगळं चाललेलं असतं. जिला आयुष्यभर सतरा हाकांनी उठवलं, तिच्या दारात आता एकही माणूस हाक मारायला धजत नव्हता, आणि खरं सांगितल्याशिवाय ते बदलणार नव्हतं, आणि खरं तिला सांगायचं नव्हतं.

मग तिने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. देवघर सोडलं आणि ओट्यावर येऊन बसली. पूजा आत, शिस्तीत. मग बाहेर, रस्त्याकडे तोंड करून, पदर खांद्यावर, आणि फोनचा आवाज मोठ्यात मोठा. कुईं, कुईं, टुर्र! अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. लपवायची चिकटपट्टी तिने अशी काढली. पहिले काही दिवस लोक चमकून बघायचे आणि निघून जायचे. मग केळीवाला थांबला. "काकू, हे काय काढलं?" काकूने तत्काळ डाव थांबवला. "ये, बस." मग शाळेतून येणाऱ्या मुली थांबायला लागल्या, मग त्यांना शोधत त्यांच्या आया. काहींनी असं ठरवलं की डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी सांगितलं असणार. काकूने ते खोडून काढलं नाही. असलम दुकान उघडायला जाताना रोज गाडी थांबवायचा. आणि मला तिने बजावलं, "तू दुपारी फोन करत जा. काम न्हाई तरी." मी करायचो. तिच्या खेळातच घंटी वाजायची आणि ती फोन उचलून पहिलं वाक्य ठेवणीतलं म्हणायची, "झालं का समाधान? ऐन रंगात मोडलास बघ." इतक्या आनंदाने मला कुणी कधी शिव्या घातल्या नाहीत.

पुण्याहून येणाऱ्या फोनची वाट मात्र ती बघत राहिली. तेवढी एक फट बुजली नाही.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे गेल्यावर, विजय घर आवरायला थांबला होता. मी मदतीला गेलो, म्हणजे त्याने आवरलं आणि मी मधे उभा राहिलो. असलमही आला होता, काकूचा फोन द्यायला. त्या सकाळी फोन त्याच्याकडेच राहिला होता. ओट्यावर बसून त्याने विजयला त्या सकाळचं सांगितलं. "मी गाडीवरनं हाक मारली, काकूऽऽ म्हणून. त्यांनी बघितलं, हसल्या. डाव थांबवला. 'ये की' म्हणाल्या. मी गाडी स्टँडला लावली, वळून बघितलं तर मान अशी… खांद्यावर." तो जरा वेळ टिकल्या चिकटवलेल्या काचेवरून बोट फिरवत राहिला. "तकलीफ नहीं हुई दादा. मला बसायला सांगत व्हत्या."

"डाव?" विजय म्हणाला. "कसला डाव? आई तर पूजेत असायची ना सकाळची?"

असलमने माझ्याकडे बघितलं. मी विजयकडे बघितलं. एकमेकींच्या जामीन असलेल्या दोघी आता शिवैक्य झाल्या होत्या आणि खटला माझ्यावर येऊन पडला होता. मी सांगितलं. चिकटपट्टी, सेल, आप्पांचं फर्मान, माझ्या आईचं घोरणं, सगळं. विजय आधी हसला, इतका की त्याला ठसका लागला. मग ठसका आवरत म्हणाला, "मी सकाळी फोन करायला हातात घ्यायचो, सुभाषदादा. आणि ठेवून द्यायचो. म्हटलं, तिची तंद्री मोडेल."

"मोडायलाच हवी होती तिला," मी म्हटलं. असलमला दुकान होतं, तो गेला.

विजयने फोन चालू केला. जुन्या करड्या रंगात तिचा डाव उघडला, खाली गच्च बसवलेल्या ओळी, एका कडेला मुद्दाम राखलेली उभी फट, आणि वर मधोमध लटकलेली लांबडी वीट. "चालू करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कर. हरलास तरी तिचं जातं कुठे, पुन्हा उघडलं की वैसाच मिलता. त्याने टिकलीवर अंगठा ठेवला. वीट भलतीकडेच जाऊन आडवी पडली, आणि त्यानंतर काकूच्या त्या देखण्या भिंतीवर त्याने जे रचलं ते बघून मला फार बरं वाटलं. माझ्याइतका वाईट खेळणारा घराण्यात दुसराही होता. मेला, पुन्हा उघडलं. मेला, पुन्हा उघडलं. तो हळूहळू पुढे झुकत गेला, ओठ मिटले गेले, आणि मला कळलं की आता त्याला मी इथे असल्याचं भान नाही.

मी आत जाऊन चहा टाकला. आमच्या घरच्या वळणाप्रमाणे मी कप घेऊन, पाय न वाजवता, दारापर्यंत आलोसुद्धा. पाठमोरा बसला होता, मान खाली. बाहेर कुईं, कुईं चाललं होतं. मी तसाच मागे फिरलो, कप ठेवला आणि आतून हाक मारली. "विजय!"

"थांब की जरा," तो ओट्यावरून म्हणाला, "ऐन रंगात आलोय."

काम काहीच नव्हतं, चहासुद्धा थोडा थांबला असता. मी पुन्हा हाक मारली.